बाबांचं 'दोन' आणि आमच्या तीन फुकट फेऱ्या

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर, पाठीच्या मणक्यात गेलेला. बायोप्सी, स्कॅन वगैरे वेळेत झालं, त्यावर काही लिहीत नाही. आमचं घोडं अडलं ते एका आकड्यावर.

ओपीडीत (हॉस्पिटलचं नाव घेत नाही) डॉक्टर कागदावरून मान वर न करता विचारायचे, शून्य ते दहात दुखणं किती? आणि डिचोलीत खाणीचा ट्रक चालवण्यात हयात घालवलेले बाबा खुर्चीत ताठ बसून म्हणायचे, 'दोन'. दोन म्हणजे पॅरासिटामॉल, पुढचा पेशंट. पहाटे उठून बस, मग चार तास बाकड्यावर, आणि हातात काय तर पॅरासिटामॉल, असं तीनदा! घरी रात्री कूस बदलताना पलंगाची पट्टी इतकी घट्ट धरायचे की तिथलं पॉलिश गेलंय. मी सांगायला गेले की ते लपवतात, तर उत्तर मिळालं 'पेशंटला बोलू द्या'. तसं बरोबरच आहे म्हणा, दुखणं त्यांचं. पण निवांत बसल्यावरचं दुखणं विचारलं तर माणूस दोनच सांगणार ना.

शेवटी पॅलिएटिव्हच्या (म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) सिस्टरकडे पाठवलं. नाव ऐकून आई रडायलाच लागली, म्हणजे संपलं का म्हणून. तसं नसतं, रेडिएशन चालू असतानाही हे घेता येतं. सिस्टरने कोंकणीतच सुरुवात केली, 'दुखता?' बाबा म्हणाले, 'मातशें', म्हणजे थोडंसं. मग ती विचारत गेली, उठताना? खोकताना? संडासला बसताना? काल रात्री किती वेळा जाग आली? बाबा गप्प. मग खाली बघत, 'उठताना आठ असेल.'

तिच्याकडचा तो कागद एडमंटन स्केल, कॅनडात 1991 साली निघालेला. दुखणं, थकवा, गुंगी, मळमळ, भूक, दम, उदासी, चिंता आणि एकंदर कसं वाटतं, अशा नऊ ओळी, प्रत्येकीला शून्य ते दहा. चिंतेच्या ओळीला बाबांनी आधी आईला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि मग म्हणाले, 'नऊ'. मी बाजूलाच होते, काय बोलावं तेच सुचेना.

त्याच दिवशी मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी, आणि मणक्याला एकाच बैठकीत 8 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) रेडिएशन ठरलं (त्याचा आराम लगेच नाही, दोनेक आठवडे लागले). शेजारी म्हणाले व्यसन लागेल. दुखण्यासाठी मोजून दिली तर ती भीती फार कमी, हे सिस्टरने सांगितलेलं.

हां, एक राहिलंच, मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवसापासून द्या. आम्ही चार दिवस विसरलो आणि बाबा दुखण्यापेक्षा बद्धकोष्ठानेच जास्त कावले. आणि एक वही ठेवा, वेळ, आकडा, आणि तेव्हा काय करत होते ते (बसून की उठताना) लिहा, डॉक्टर वही बघतात.

रात्री दोनच्या गोळीला उठवायला जिवावर यायचं, म्हणून सिस्टरने डॉक्टरांना विचारून झोपतानाचा डोस दुप्पट करून दिला. हे मात्र आपल्या मनाने करू नका.