आमची वाटचाल : सांधा न दिसणाऱ्या टाइली

वेबपानाच्या मागे चित्र लावण्याची सोय नेटस्केप या ब्राउझरने १९९५ मध्ये दिली. तेव्हापासून आजवर अशी चित्रं करण्याच्या कामाचं मूळ तेच आहे: एक लहान चौकोन, म्हणजे टाइल, आडवा-उभा कितीही पसरला तरी सांधा दिसता कामा नये.

आम्ही सुरुवात केली ती मोडेमच्या जमान्यात. ६४ बाय ६४ पिक्सेलची जिफ (मोजक्या रंगांच्या चित्राची फाइल), रंग आठ-सोळा, फाइल दोन-तीन केबीत बसवायची. तेवढ्या जागेत रेघा, ठिपके आणि कापडाची साधी वीण, यापलीकडे काही मावत नसे. ब्रॉडबँड आलं तसे आम्ही खऱ्या पृष्ठभागांकडे वळलो: जांभा, काळा पाषाण, घोंगडी, शेणाने सारवलेली जमीन, हातकागद. आमच्या टाइलींचा हा संग्रह पहिल्यापासून फुकट आहे. घर चालतं ते गिऱ्हाइकांना खास करून दिलेल्या नक्ष्यांवर.

फोटोपासून टाइल करताना सांध्याच्या आधी उजेडाचा बंदोबस्त करावा लागतो. एक कोपरा किंचित उजळ राहिला तरी पानभर चौकटी उमटतात. त्यामुळे फोटो सावलीत किंवा ढगाळ हवेत, कॅमेरा पृष्ठभागाला समांतर धरूनच घ्यावा. तरीही फरक उरतोच. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये चित्राच्या थराची (लेयरची) प्रत काढून ती १०० पिक्सेलच्या आसपास धूसर करावी, म्हणजे पोत जाऊन नुसता उजेड उरतो. हा थर वर ठेवून त्याला ग्रेन एक्स्ट्रॅक्ट मोड द्यावा, म्हणजे खालच्या चित्रातून तो उजेड वजा होतो. चित्र करडं होतं, म्हणून त्यावर मूळ सरासरी रंगाचा सपाट थर ग्रेन मर्ज मोडमध्ये टाकला की रंग परत येतो.

मग ऑफसेट, म्हणजे चित्र सरकवणं; एका कडेने बाहेर गेलेलं समोरच्या कडेने आत येतं. १०२४ ची टाइल दोन्ही दिशांनी ५१२ ने सरकवली की चारही कडा मधोमध येतात आणि अधिक चिन्हासारखा सांधा उघडा पडतो. तो क्लोनच्या (चित्राचा एक भाग उचलून दुसरीकडे रंगवण्याच्या) मऊ ब्रशने, उचलण्याची जागा सतत बदलत बुजवावा. एकाच जागेवरून उचलत राहिलं तर जुळे डाग तयार होतात. ब्रश टाइलच्या बाहेरच्या कडेला लागू द्यायचा नाही, नाहीतर नवा सांधा तिथे उगवतो.

खणाच्या कापडाला ही रीत चालत नाही. तिथे बुट्टी ठराविक अंतराने येते, आणि कापड थोडं ताणलं गेलं तरी ते अंतर बिघडतं. चारही कोपरे बुट्टीच्या एकाच बिंदूवर येतील असं चित्र आधी ताणून सरळ करायचं आणि पूर्ण बुट्ट्यांवरच कापायचं. ओळी विटांसारख्या अर्ध्याने सरकलेल्या असतील तर टाइलमध्ये दोन ओळी हव्यातच.

सांधा गेला तरी टाइल झाली असं आम्ही मानत नाही. जांभ्यातलं एखादं मोठं भोक एकट्या टाइलमध्ये देखणं दिसतं, पण पानावर तेच ओळीने वीस वेळा दिसू लागतं. म्हणून प्रत्येक टाइल चार बाय चार मांडून, लांबून पाहतो. नजर जिथे अडेल तो तपशील पुसतो, कितीही आवडता असला तरी.

जेपेग करताना लांबी-रुंदी १६ च्या पटीत ठेवा. जेपेग चित्राचे आठ-आठ पिक्सेलचे ठोकळे करतं, आणि रंगांची माहिती निम्मी केली तर हिशेब सोळाचा होतो; २५० पिक्सेलच्या टाइलचा शेवटचा ठोकळा अर्धवट राहून कडेला बारीक रेघ येऊ शकते. सपाट रंगांच्या नक्षीला पीएनजी किंवा एसव्हीजी या प्रकारची फाइलच बरी.

२०१० मध्ये आयफोन ४ चा दाट पिक्सेलचा पडदा आला, तेव्हापासून आम्ही दुप्पट मापाची प्रतही देतो. ती वापरताना सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) बॅकग्राउंड-साइझ प्रतीच्या मापाच्या निम्मा लिहायचा. २०१३ च्या आयओएस ७ नंतर सपाट रंगांची लाट आली आणि ठळक पोतांची मागणी ओसरली. आता जातात ते फिके पोत. त्यावर मजकूर ठेवणार असाल तर टाइलमधला उजळपणात अक्षरांच्या रंगाला सर्वांत जवळचा पिक्सेल निवडून कॉन्ट्रास्ट (दोन्हींच्या उजळपणातला फरक) मोजा. तिथे तो ४.५ ला १, म्हणजे साध्या मजकुरासाठी वेब-सुलभतेच्या निकषात धरलेला किमान, भरला, तर बाकी पानावरही भरतो.