क्रिएटिनीन १.१ म्हणजे नॉर्मलच ना?

परवा आईची रिपोर्टची फाईल घेऊन बसले होते. आई ७० ची, अंगाने बारीक, बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू. गेल्या तीन वर्षांचे सगळे कागद एकाखाली एक लावले तर प्रत्येकावर क्रिएटिनीन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून बाहेर टाकते) १.१, लॅबने दिलेल्या रेंजच्या आत, म्हणून आम्ही घरचे निवांत आणि आधीचे डॉक्टरही काही बोलले नाहीत. यावेळी नवीन डॉक्टरांनी वय टाकून ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, काढला, तो आला ५४.

हाच १.१ एखाद्या २५ वर्षांच्या मुलाचा असता तर ईजीएफआर ९५ च्या आसपास आला असता. कारण क्रिएटिनीन येतं स्नायूंमधून, बारीक म्हाताऱ्या बाईच्या अंगात मुळात ते तयारच कमी होतं, त्यामुळे किडनी नीट गाळत नसली तरी कागदावरचा आकडा साधाच दिसतो. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटलं.

एकदा आकडा कमी आला म्हणून लगेच क्रॉनिक किडनी डिसीज (किडनीचा जुनाट आजार) म्हणत नाहीत हां, ईजीएफआर ६० च्या खाली किंवा लघवीत प्रोटीन, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं पाहिजे. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं तरी ईजीएफआर तात्पुरता पडतो, म्हणून एकाच टेस्टवरून पेशंट मोजले की संख्या फुगते. पण आमच्या फाईलमध्ये ते तीन महिने कधीच भरून गेले होते, फक्त कुणी गणित केलं नव्हतं.

जगात हा आजार साधारण ९-१० टक्के लोकांना आहे. फॅमिली डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्यांमध्ये तर जास्तच निघणार, तिथे वयस्कर, शुगरवाले, बीपीवालेच जास्त असतात. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था सांगते की शुगर असलेल्या मोठ्या माणसांत तिघांत एकाला आणि बीपीवाल्यांत पाचात एकाला हा आजार असू शकतो, आणि आजार असलेल्या दहापैकी नऊ जणांना पत्ताच नसतो! दुखत नाही, सूज येते ती खूप उशिरा, मग कळणार कसं? यातले बहुतेक जण किडनीच्या स्पेशालिस्टपर्यंत जातच नाहीत, त्यांची केस फॅमिली डॉक्टरच्या टेबलावरच पकडली जायला हवी.

आणि लघवीची एसीआर टेस्ट (लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन किती जातं ते बघणारी) तर सगळ्यात जास्त राहून जाते, सुई नाही काही नाही, नुसती बाटली द्यायची. ईजीएफआर चांगला असूनही लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर तेही किडनीचंच दुखणं, आणि ते लवकर कळलं तर बीपीची गोळी त्या हिशोबाने निवडता येते, आता एसजीएलटी२ वाली औषधंही आहेत, मुळात शुगरची पण किडनीलाही जपणारी.

आई गुडघ्यासाठी मनाने पेनकिलर घ्यायची, त्या गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात म्हणून डॉक्टरांनी बंद करायला लावल्या. "मग दुखल्यावर काय करू गं?" म्हणाली, तेवढं विचारायचं राहिलंय. उद्या सकाळी पहिल्या लघवीची बाटली न्यायची आहे, झाकणावर नाव लिहून ठेवलंय.