स्क्रोल सॉवर कापलेली महिरप

2018 मध्ये राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि आमच्या घरी गणपतीच्या मखराचा प्रश्न उभा राहिला. काही वर्षं कापडी पडदे, पुठ्ठे आणि कागदी फुलांवर निभावलं. पण एक लाकडी मखर असावं, दरवर्षी तेच मांडावं, विसर्जनानंतर सुटं करून माळ्यावर टाकता यावं, हे डोक्यातून जाईना. लेझर कटिंगवाल्याला फाइल दिली की तासाभरात काम होतं हे मला माहीत आहे, कृपया कळवू नये. लेझरने कापलेल्या प्लायच्या कडा काळ्या होतात, आणि मुख्य म्हणजे मला ते स्वतः कापायचं होतं.

सुताराकडची जिगसॉ आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. तिच्यात लाकूड जागेवर राहतं आणि मशीन फिरतं. स्क्रोल सॉमध्ये उलट. मशीन टेबलावर पक्कं बसवलेलं, मधोमध एक बारीक पातं वर-खाली होत असतं आणि लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं. पातं वर आणि खाली अशा दोन क्लॅम्पमध्ये ताणलेलं असतं. वरचं टोक सोडवून ते लाकडाला पाडलेल्या भोकातून ओवलं आणि पुन्हा आवळलं, की बाहेरची चौकट न तोडता आतली खिडकी कापता येते. सगळी जाळी, म्हणजे आरपार कापलेली नक्षी, या एका युक्तीवर उभी आहे. शिवणयंत्रावर गळ्याची पट्टी वळवायची ज्यांना सवय आहे त्यांचे हात इथे लवकर बसतात. माझे बसले.

मशीन घेताना दुकानदार मोटरचे वॉट सांगत होता आणि मी क्लॅम्प दाखवा म्हणत होते. कारण पाती दोन प्रकारची येतात. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते. बसवायला सोपं, पण ती पिन जायला पाच-सहा मिमीचं भोक लागतं. दुसरं बिनपिनचं, साधारण पाच इंच लांब, सपाट टोकांचं. ते दीड मिमीच्या भोकातूनही आरामात जातं. माझ्या नक्षीत मोराचा डोळाच तीन मिमीचा होता. म्हणजे पिनवाल्या मशीनचा प्रश्नच मिटला. स्वस्तातली काही मशीनं फक्त पिनचीच पाती घेतात, आणि हे खोक्यावर कुठेतरी कोपऱ्यात छापलेलं असतं. शेवटी सोळा इंच घशाचं, वेग कमी-जास्त करता येणारं, मिनिटाला 400 ते 1600 फेऱ्यांचं मशीन पंधरा हजारांच्या आसपास घेतलं. घसा म्हणजे पात्यापासून मागच्या दांड्यापर्यंतचं अंतर. त्याहून मोठं लाकूड गोल फिरत नाही.

फ्लॅटमध्ये खरा शत्रू थरथर. हलक्या टेबलावर हे मशीन ठेवलं तर टेबल चालायला लागतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. आमच्याकडे आजेसासूबाईंच्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड पडून होता. त्यावर 18 मिमीचा प्लाय बोल्टने आवळला, मशीनखाली रबरी मॅट घातली, स्टँडच्या पायांखाली तिचेच तुकडे. जड बीड थरथर गिळतं. आता दिवाणखान्यात टीव्ही लागलेला असला तर बाल्कनीत मशीन चालू आहे हे कळतही नाही.

यापुढे मी मशीनबद्दल फार बोलणार नाही, कारण माझ्या मते या छंदात मशीन दुय्यम आहे. काम पातं करतं. पात्यांना नंबर असतात: 2/0, 1, 2, 3, 5, 7, 9. नंबर वाढेल तसं पातं रुंद आणि दात मोठे. 5 नंबरचं पातं जेमतेम एक मिमी रुंद असतं आणि इंचाला बारा-तेरा दात. 2/0 त्याच्या निम्म्याला येतं. कंपनीप्रमाणे थोडं पुढेमागे. सहा ते बारा मिमीच्या प्लायला 5 नंबर उत्तम, तीन मिमीच्या नाजूक कामाला 1 किंवा 2. मी जी पाती वापरते त्यांच्या खालच्या बाजूचे काही दात उलटे, म्हणजे वर तोंड करून असतात. पातं वर जाताना ते खालची कड साफ करतात, त्यामुळे प्लायच्या पाठीमागे कुसं निघत नाहीत. मात्र बसवताना पातं सर्वात वर असेल तेव्हा टेबलाच्या वर यातले दोनच दात दिसले पाहिजेत. जास्त दिसले तर ते लाकूड उचलायला लागतात.

मग ताण. टिचकी मारल्यावर बारीक, खणखणीत सूर निघाला पाहिजे. भद्द आवाज आला तर पातं सैल आहे. वळणावर ते पोटातून फुगतं आणि वरची रेघ बरोबर असूनही खालची कड तिरकी येते. बरेच जण याला टेबलाचा दोष समजून टेबल गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराने, तपासत बसतात.

आणखी एक गोष्ट. सरळ रेघ कापायला गेलं की पातं उजवीकडे ओढतं. हात वाकडा असतो म्हणून नाही. बहुतेक पात्यांना बनवतानाच एका बाजूला बारीक कंगोरा राहतो, ती बाजू जास्त धारदार पडते आणि पातं तिकडे वळतं. त्यामुळे लाकूड समोर सरळ न ढकलता काही अंश तिरकं धरून सरकवायचं. प्रत्येक नवं पातं लावल्यावर आधी टाकाऊ तुकड्यावर चार इंच कापून ही तिरीप हाताला कळून घ्यायची. पात्यांचा डझनाचा जुडगा ऑनलाइन मागवावा लागतो; रविवार पेठेत सराफी हत्यारं मिळतात तिथली सोनाराच्या करवतीची पातीही साधारण याच लांबीची असतात, पण ती धातूसाठी. लाकडाचा भुसा त्यांच्या बारीक दातांत अडकतो आणि लाकूड जळतं. पितळी पत्रा कापायचा असेल तर मात्र तीच.

लाकडासाठी भवानी पेठेतला टिंबर मार्केट. आत शिरल्यावर पहिला प्रश्न: "मिस्त्री कुठंय?" मी म्हटलं, मिस्त्री मीच. दुसरा प्रश्न: "किती शीट?" आठ बाय चारच्या अर्ध्याच शीटला गिऱ्हाईक म्हणून मला कोणी मोजेना. शेवटी एका काकांनी मागची रास दाखवली, "यातलं बघा काय चालतंय, कटपीसच आहेत." जाळीसाठी प्लाय घेताना वरचा चेहरा बघू नका, कड बघा. आपल्याकडच्या साध्या कमर्शियल प्लायमध्ये आतले थर पॉपलर किंवा निलगिरीचे असतात आणि त्यांत कुठे कुठे फट असते. फर्निचरला त्याने फरक पडत नाही. पण जाळीत चार मिमीची नाजूक वेल नेमकी त्या फटीवर आली की तुटलीच. मी कडा उजेडाकडे धरून, नखाने चाचपून सहा मिमीचे तुकडे निवडले. काका म्हणाले, "ताई, दागिने घेताय का?" बर्चचा आयात प्लाय याबाबतीत फार चांगला, थर पातळ आणि गच्च, पण भाव ऐकून मी तो पुढच्या वर्षावर टाकला. सागवानाच्या पट्ट्या खांबांसाठी घेतल्या. सागाला रंग सुंदर येतो, फक्त त्यात सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, मी घेत नाही. कापायला लोण्यासारखा असला तरी त्याची धूळ फार बारीक, शिवाय आत फॉर्मल्डिहाइडचं रेझिन. तशी कुठलीच लाकडाची धूळ छातीला बरी नाही; एन-95 मास्क लावल्याशिवाय मी मशीनचं बटण दाबत नाही.

नक्षी विश्रामबागवाड्यावरून घेतली. दुसऱ्या बाजीरावाच्या त्या वाड्याचा बाजीराव रस्त्यावरचा लाकडी दर्शनी भाग पुण्यातल्या प्रत्येकाने बसमधून पाहिलेला असतो आणि थांबून फार थोड्यांनी. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, त्यांच्यावर महिरपी. फोटो काढले, घरी संगणकावर इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये महिरपीची अर्धीच बाजू काढली, आतल्या जागेत वेल आणि मोर बसवला. लाकडावरचं कोरीवकाम खोल असतं, जाळी आरपार असते, त्यामुळे जसंच्या तसं उतरवता येत नाही. पानाच्या भोवती चारी बाजूंनी कापलं तर पान खाली पडतं. प्रत्येक पान, प्रत्येक पीस कुठेतरी चौकटीला धरून असलं पाहिजे, आणि तो सांधा किमान तीन मिमीचा. संगणकावर सगळं काळं-पांढरं करून पाहायचं: काळा भाग एकसंध असेल तरच कापायला घ्यायचं. माझे सगळ्यात जास्त दिवस यात गेले, कापण्यात नव्हे.

महिरप दोन फूट रुंद, मशीनचा घसा सोळा इंच. म्हणून दोन अर्धे करून शेंड्याला जोडायचे ठरवले, सांध्यावर कमळ. अर्धे एकमेकांचे आरसे असल्यामुळे इथे एक सुरेख सोय होते. दोन तुकडे चांगल्या बाजू एकमेकींना लावून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवले, टेप फक्त टाकाऊ भागात. बारा मिमीची थप्पी एकदाच कापली आणि वहीचं पान उलगडावं तशी उघडली, की डावा-उजवा जोड तयार, दोन्हींची देखणी बाजू समोर आणि खरवडलेली पाठीमागे. थर रचून एकदम कापायची ही रीत जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी आंद्रे-शार्ल बूल हा कारागीर पितळ आणि कासवाचं कवच असंच एकत्र कापून एकमेकांत बसवायचा.

प्लायवर आधी मास्किंग टेप, त्यावर गमस्टिकने कागदी नक्षी, आणि सगळ्यावर पारदर्शक पॅकिंग टेप. ही शेवटची टेप वाया गेल्यासारखी वाटते, पण तिच्यामुळे पातं घसरत जातं आणि कड जळत नाही. प्रत्येक खिडकीत एक भोक, खाली टाकाऊ तुकडा ठेवून. मशीनच्या टेबलावर पात्याभोवतीचं भोक मोठं असतं, बारीक तुकडे त्यात पडतात. मी त्यावर सनमायकाचा तुकडा चिकटवला आणि त्याला पातं जाईल एवढंच छिद्र पाडलं.

कापण्याचा क्रम मधून बाहेर. आधी मोराचा डोळा आणि पिसांमधल्या चिरा, मग वेल, शेवटी बाहेरची कड, म्हणजे शेवटपर्यंत हातात धरायला घट्ट चौकट राहते. महिरपीचं टोक जिथे दोन कमानी भेटतात तो कोपरा धारदार हवा असेल तर जागेवर वळायचं नाही. एका कमानीने टोकापर्यंत यायचं, त्याच फटीतून मागे जायचं, टाकाऊ भागातून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने टोक गाठायचं. चिमणीच्या चोचीएवढा तुकडा निसटून पडतो आणि कोपरा सुईसारखा राहतो. ते बघायला मी प्रत्येक वेळी मशीन थांबवते. लाकूड ढकलायचं नसतं, पात्याला भरवायचं असतं. हाताला जोर लावावा लागतोय असं वाटलं की पातं संपलं, बदलायचं. प्लायमधल्या डिंकामुळे ते फार लवकर संपतं आणि चिवटपणा करून काही वाचत नाही. दूरच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन खिडक्यांना मागचा दांडा आडवा आला. तिथे चहूबाजूंनी दात असलेलं पिळाचं पातं लावलं. त्याला लाकूड फिरवावं लागत नाही, पण कड खडबडीत येते. ती कानशीने साफ केली. मशीनबरोबर येणारा, लाकूड दाबून धरणारा पाय मी काढून ठेवलाय. तो रेघ झाकतो.

पॉलिशला हात घातला तेव्हा श्रावण लागला होता. बाहेर पाऊस, हवा दमट. लाखेचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, अशा हवेत पांढरट धुरकट होतं. जवसाचं तेल आठवडाभर वाळत नाही. उघडीप मिळालेली दुपार गाठून, पंखा लावून, पॉलिशचे अगदी पातळ हात दिले; मध्ये 320 चा पॉलिश पेपर. आतल्या कडांसाठी आइस्क्रीमच्या काड्यांवर पेपर चिकटवून घेतला होता. सागाच्या खांबांना मात्र तेलच. तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकायची नाही, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. मी ती दोरीवर पसरून वाळवते आणि मगच टाकते.

सगळं खाचांमध्ये बसतं, एकही खिळा नाही. खांब पाटाला, महिरप खांबांना, कमळ सांध्यावर. समोर पिवळसर प्रकाशाचा छोटा एलईडी दिवा लावला, की जाळीची सावली मागच्या भिंतीवर दुप्पट मोठी पडते. त्याचा हिशेब मी केला नव्हता. आरतीला आलेल्या मुलांनी मोर भिंतीवरच आधी पाहिला.

दीड दिवसात शेजारच्या तिघींनी "आम्हालाही एक" म्हणून सांगून ठेवलंय. नक्षी तयार आहे, मोर कापायला माझा हात बसलाय, तीन मिमीचा प्लाय असेल तर चार थर एकदम निघतात. मी त्यांना एवढंच सांगितलं: प्लाय तुम्ही आणा, पण कड बघून.