टोनाराची घंटा आणि माझा गेलेला चाकू

इटलीच्या सार्डिनिया बेटावर जाऊन आले म्हटलं की सगळे समुद्राचेच फोटो मागतात, आणि खरं सांगते, बीचवर आम्ही मोजून दीड दिवस होतो. बाकी सगळा वेळ बेटाच्या मधल्या डोंगराळ भागात, बार्बाजियात, भाड्याच्या गाडीत वळणावळणांनी पोट ढवळून घेत फिरलो.

तिथल्या टोनारा गावात गेलो ते तोर्रोने खायला. मध, अंड्याचं पांढरं आणि सुकामेवा घोटून केलेली वडी, दाताला चिकटते पण सोडवत नाही. खात खात चालत होतो तर एका दारातून ठणठण ऐकू आली, डोकावलो, तर आत मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा बनत होत्या. मला वाटायचं घंटा म्हणजे ओतीव काम. इथे लोखंडी पत्रा कापून, ठोकून ठोकून, वाकवून आकार देतात, मग त्याला पितळेचे तुकडे लावून अख्खी घंटा ओल्या मातीत लपेटून भट्टीत टाकतात. आतल्या आत पितळ वितळून फटींमध्ये शिरतं आणि पत्रा एकजीव होतो. गार झाली की मातीचं कवच फोडायचं.

पण खरी गंमत त्यानंतर. तो आजोबा इतका वेळ हातवारे करून, मोडक्या इंग्रजीत भरपूर बोलत होता, तो एकदम गप्प झाला. घंटा कानाशी धरली, छोट्या हातोडीने कडेला एक टोला, परत वाजवली, मान हलवली, परत टोला. सूर लावत होता! मेंढपाळ आपल्या कळपाचे आवाज निवडून घेतात म्हणे, धुक्यात किंवा झाडीत कळप दिसला नाही तरी आपला कुठला ते कळलं पाहिजे. बेटावर माणसं सोळा लाखांच्या आसपास आणि मेंढ्या तीसेक लाख, म्हणजे गिऱ्हाईक कमी नाही :) शिवाय मामोयादा गावात मामुथोनेस असतात, काळे लाकडी मुखवटे घालून पाठीवर तीसेक किलो घंटा बांधून चालणारे, ते वर्षात पहिल्यांदा बाहेर पडतात १७ जानेवारीला, संत अँथनीच्या सणाला. आम्ही गेलो तेव्हा सीझन नव्हता, फक्त मुखवटे बघितले, रात्री झोपेत दिसतील असे.

सामुगेओला विणकामाचं म्युझियम आहे, तिथे मी नवऱ्याचा अंत पाहिला. तिथल्या एका विणीचं नाव पिबियोनेस, म्हणजे द्राक्षाचे मणी. मागावर विणताना जिथे डिझाइन हवंय तेवढ्याच जागी आडवा धागा एका बारीक सळीवर गुंडाळत न्यायचा, ओळ ठोकून बसवायची आणि सळी ओढून काढायची, की मागे फुगीर मणी उरतात. एका ओळीत किती मणी ते मोजायला गेले आणि अर्ध्यात चुकले. कापडावर हात फिरवला की डिझाइनमधला पक्षी डोळे मिटूनही कळतो (हात लावू नका अशी पाटी नंतर दिसली).

कास्तेलसार्दो गावच्या टोपल्यांवर काही लिहित नाही, दुकानांत इतकी गर्दी होती की धड बघताच आल्या नाहीत.

आणि चाकू. पात्तादा गावचा, घडीचा, मेंढ्याच्या शिंगाची मूठ आणि मर्टल नावाच्या झुडपाच्या पानासारखं निमुळतं पातं. पैसे देताना नवरा खिडकीबाहेर बघत होता. एवढा जपून आणला आणि परतीच्या दिवशी शहाणी मी तो हँडबॅगेतच विसरले. सिक्युरिटीवाल्याने उघडला, मूठ उलटसुलट करून बघितली, "पात्तादा" म्हणाला, अगदी हळहळून, आणि डब्यात टाकला. मग त्याच्या हाताला टोनाराहून आणलेली घंटा लागली. ती त्याने वाजवून बघितली, दोनदा, आणि परत बॅगेत ठेवली.