पोट कशावर चालतं, हे विचारलंत म्हणून

"ओपन सोर्स म्हणजे फुकटच ना? मग तुमचं पोट कशावर चालतं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर चहा घेताना विचारतात, आणि गृहकर्जाच्या वेळी बँकेतल्या साहेबांनीही विचारला होता. त्यांचं पगाराच्या पावत्यांवर भागलं. तुम्ही आपुलकीनं विचारलंत, तर जरा ऐसपैस सांगतो.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. साधारण समजूत अशी असते, की रात्री जागून लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचा हा उद्योग. काही अंशी ते खरंही आहे. पण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आज जो कोड जातो त्यातला बहुतांश पगारी माणसं लिहितात. इंटेल, रेड हॅट, गूगल असल्या कंपन्या हा पगार देतात तो काही दानधर्म म्हणून देत नाहीत. समजा, तुमचे हजारो सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यात तुम्हाला एक दोष सापडला. तो दुरुस्त करून दुरुस्ती स्वतःपाशीच ठेवलीत, तर दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती येणार आणि दर वेळी ती दुरुस्ती तुम्ही नव्यानं बसवत बसणार. तीच मूळ प्रकल्पाकडे धाडून दिलीत, की सांभाळायचा भार सगळ्यांत वाटला गेला. म्हणजे देऊन टाकणं हे ठेवून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं. या एवढ्या व्यवहारावर जगभर कितीतरी घरं चालतात, पुण्यातलीही बरीच. माझंही चाललं, आधी नोकरीत आणि मग स्वतःच्या सल्लागारीत. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते बसवणं, जुनी माहिती त्यात आणणं, माणसांना शिकवणं, मध्यरात्री बंद पडलं तर उठून बघणं, याचं बिल होतं. बिल थकतंही, पण ते कुठल्या धंद्यात थकत नाही?

सगळं गोडच आहे असं मात्र समजू नका. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करून पाठवणाऱ्या, मुक्त कोडमधला 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीला आला. जगातल्या असंख्य वेबसाइटी ज्या कोडच्या भरवशावर लोकांचे पासवर्ड आणि कार्डांचे नंबर पाठवत होत्या, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. बोभाटा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी धावत येऊन पैसे गोळा केले. त्यामुळे "मी लिहिलेली लायब्ररी (म्हणजे इतरांच्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) लाखो लोक वापरतील, मग पैसे येतीलच ना?" असं कुणी मुलगी-मुलगा विचारतो, तेव्हा मी सरळ नाही म्हणतो. लोक वापरतात आणि लोक पैसे देतात, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पैसे मिळतात ते कुणाचं तरी अडलेलं काम सोडवल्याचे.

आणि माझ्याकडे जे येतात त्यांचं घोडं बहुतेक वेळा कोडमध्ये अडलेलं नसतं, त्यांच्या स्वतःच्याच मजकुरात अडलेलं असतं. मुक्त मानकांच्या, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा सामायिक नियमांच्या, मागे मी का लागलो, ते इथं आहे.

एका प्रकाशकांकडे नव्वदच्या दशकापासूनच्या दिवाळी अंकांच्या फायली होत्या. संगणक बदलले आणि फॉन्टच्या पॅकेजबरोबर आलेलं डोंगल, म्हणजे ते पॅकेज चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली, नव्या यंत्राला लागेना. फायली उघडल्या की रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांचा नुसता काला. कविता, कथा, सगळं होतं जागच्या जागी, पण मालकालाच वाचता येत नव्हतं. कारण त्या पद्धतीत 'क' हे अक्षर संगणकाला ठाऊकच नव्हतं. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: एका जागी काना, एका जागी अर्धा स, एका जागी रफार. कुठला तुकडा कुठं, हे ज्यानं त्यानं आपापल्या मर्जीनं ठरवलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्या वेळच्या पानजुळणीच्या प्रोग्रामना जोडाक्षर जुळवायची अक्कल नव्हती, छापील पानावर 'क्ष' उमटवायचा तर हाच मार्ग होता. मानक नव्हतं असंही नाही. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणारं, भारतीय मानक ब्यूरोचं इस्की १९९१ मध्ये आलेलं होतं, आयएस १३१९४ या क्रमांकानं. युनिकोड हे जगभरच्या लिप्यांसाठीचं तसलंच मानक, त्यातली देवनागरी तर इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरच बेतलेली. पण छापखान्याला परवा अंक बाजारात आणायचा असतो. दहा वर्षांनी फाइल उघडेल का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडतो?

त्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या म्हणजे काय करायचं, ते एकदा जवळून बघा. 'स्थिती' हा शब्द जुन्या फायलीत डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं असतो: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा स, मग थ, त, दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमानं लागतो. म्हणजे पहिली वेलांटी उचलून अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायची, आणि जोडाक्षर कुठं संपतं ते प्रोग्रामनं ओळखायचं. रफाराचं याच्या उलट. 'मूर्ती'मध्ये तो जुन्या फायलीत सगळ्यांत शेवटी, वेलांटीच्याही नंतर बसलेला असतो, त्याला मागं ओढून त च्या आधी आणायचा. त्यातून जुळारी मंडळींनी अनुस्वार आधी की काना आधी, हे हाताला येईल तसं मारलेलं. कागदावर फरक कुणाला दिसणार?

त्या कामाचे मला पैसे मिळाले, आणि प्रोग्राम मुक्त परवान्याखाली राहील असं मी करारातच घालून घेतलं होतं. प्रकाशकांची काही हरकत नव्हती. त्यांना अंक हवे होते, प्रोग्राम घेऊन ते काय करणार? पुढं दुसऱ्या एका छापखान्यानं तोच प्रोग्राम उचलला आणि त्यांच्या फॉन्टचा तक्ता बनवायला मलाच बोलावलं. पोटाचं म्हणाल तर ते असं चालतं.

रुपयाच्या चिन्हाच्या वेळी हाच खेळ पुन्हा झाला, फक्त आटोपशीर. जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारनं चिन्ह मंजूर केलं आणि थोड्याच दिवसांत एक फॉन्ट फिरू लागला. त्यात आकडा १ च्या डावीकडच्या कळीवर, तिरक्या टिंबाच्या जागी, रुपया बसवलेला. लोकांनी हौसेनं बिलं केली. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर बिल गेलं, की रुपया गायब आणि तिरकं टिंब हजर. ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये चिन्हाला हक्काची जागा मिळाली आणि तो गोंधळ हळूहळू मावळला.

युनिकोड आलं म्हणून गंगेत घोडं न्हालं असं नाही. आचार्यांना पूजेला बोलावलं आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला, तर त्या दुसऱ्यातला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढं एक न दिसणारं जोडक देऊन. दिसायला दोन्ही एकच, आणि शोध घेणाऱ्या प्रोग्रामला शिकवलं नसेल तर एक सापडतं, दुसरं निसटतं. 'ॲ'ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये, मिळाली. तोवर अ वर चंद्र चढवून भागवत होतो, आणि बरेच जण आजही तसंच भागवतात. हे सगळं कुणीतरी प्रस्ताव लिहून, हरकतींना उत्तरं देऊन, पुन्हा लिहून मार्गी लावतं. काम अत्यंत कंटाळवाणं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. (घरच्यांचं मत वेगळं आहे.)

फॉन्टच्या बाबतीत मात्र ओपन सोर्सची मजा लगेच दिसते. २००९ मध्ये राज्य सरकारनं मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरले. हिंदी वळणाचा फॉन्ट असेल तर ही अक्षरं वेगळी दिसतात. अक्षराचा संकेतांक तोच ठेवून भाषेप्रमाणे आकार बदलायची सोय ओपनटाइप या फॉन्टच्या साच्यात आहे, कुणीतरी ती फॉन्टमध्ये भरायची एवढंच. लोहितसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये ज्याला खुपलं त्याला ती भरता येते. बंद फॉन्टच्या मालकाला पत्र पाठवायचं आणि वाट बघत बसायचं.

सरकारी बाजूबद्दलही तुम्ही विचारता, ते थोडक्यात. ऑफिसच्या कागदपत्रांसाठी ओडीएफ हा मुक्त साचा २००६ मध्ये आयएसओ २६३०० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरला. मग मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल हजारो पानांचा मसुदा घेऊन आला. त्यात एक सेटिंग होतं, ज्याचा अर्थ 'वर्ड ९५ जसं अंतर सोडतं तसं सोडा' एवढाच. वर्ड ९५ कसं सोडतं, ते लिहिलेलंच नव्हतं. जुन्या स्प्रेडशीटशी जुळावं म्हणून १९०० हे लीप वर्ष धरायचं, असंही त्यात होतं, आणि ते लीप वर्ष नव्हतं. भारतानं २००७ मध्ये आणि २००८ मध्ये, दोन्ही वेळा विरोधात मत दिलं. तरी ते मानक झालंच. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राचं ई-प्रशासनासाठीचं मुक्त मानकांचं धोरण आलं, त्यात मानकावर रॉयल्टी नसावी ही अट आली, आणि ती सहजासहजी आलेली नव्हती.

धोरण झालं तरी टेंडर वेगळं असतं. 'अमुक कंपनीचं अमुक सॉफ्टवेअर, इतक्या प्रती' असं एक वाक्य त्यात असतं. त्या जागी 'अमुक मानकाची फाइल उघडता आणि साठवता आली पाहिजे' असं वाक्य घालून घेणं, हे माझं आत्ताचं मुख्य काम. मसुदा तीन टेबलांवरून फिरून येईपर्यंत कंपनीचं नाव गुपचूप परत आलेलं असतं. पुन्हा खोडायचं. या खोडण्याचेही पैसे मिळतात, बरं का, आणि कोडपेक्षा बरे मिळतात.

राहिला मुलांचा प्रश्न, की सुरुवात कुठून करू. बग, म्हणजे प्रोग्राममधला दोष, नोंदवण्यापासून करा. काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, फॉन्ट कुठला, आवृत्ती कुठली. 'मराठी नीट दिसत नाही' एवढंच लिहिलंत तर कुणी ढुंकून बघणार नाही. 'ऱ्हास' हा शब्द अमुक आवृत्तीत तुटतो, असं चित्रासकट लिहिलंत तर परक्या देशातला अनोळखी माणूस तुमच्यासाठी दोन दिवस घालवील. आणि नोकरीच्या करारावर सही करण्याआधी एक कलम शोधा: सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेला कोड कुणाचा? तिथं कंपनीचं नाव असेल, तर ते आधी बदलून मागा. सही झाल्यावर एचआरवाल्या बाई नुसत्या हसतात.