इमो म्हणजे मावशी

कोरियाला जायच्या आधी दोन महिने ड्रामे बघून आपल्याला बऱ्यापैकी कोरियन येतं असा माझा समज होता, तो इंचन एअरपोर्टवरच उतरला. पण एक शब्द आठही दिवस पुरला. इमो. इमो म्हणजे आईची बहीण, म्हणजे आपली मावशी, आणि तिकडे टपरीवाल्या किंवा खानावळवाल्या बाईला बोलवायचं तर लोक सरळ "इमो!" अशी हाक मारतात. आपण मंडईत "मावशी, मेथी कशी दिली" म्हणतो ना, अगदी तस्संच. वडिलांच्या बहिणीला वेगळा शब्द आहे, गोमो, पण टपरीवर आत्याला कोणी हाक मारत नाही. आत्याचा दरारा तिकडेही असणार बहुतेक.

हा शब्द पहिल्यांदा वापरला तो ग्वांगजांग मार्केटमध्ये. सोलमधलं जुनं मार्केट, १९०५ सालचं, जोंगनो ५-गा स्टेशनवर उतरलं की लगेच. वर छप्पर, मधल्या गल्लीत ओळीने गाळे, प्रत्येक गाळ्याभोवती बाकडी आणि बाकड्यावर बसलो तर बुडाखाली गरम, कारण नोव्हेंबरची थंडी म्हणून खाली हीटिंग लावलेलं, मी तर तिथून उठायलाच तयार नव्हते. समोर चक्क जातं फिरत होतं, मोटरवर. वरून भिजवलेले मूग पाण्यासकट आत जातात आणि कडेने पिवळट पीठ ओघळून खाली पातेल्यात. त्यात मोड आलेले मूग, किमची (म्हणजे त्यांचं कोबीचं आंबवलेलं लोणचं) वगैरे कालवून इमो डावाने ते तव्यावर घालते, आणि तवा म्हणजे काय, तेलाचं तळंच होतं ते. याचं नाव बिंदेत्तोक. मुगाचं धिरडं हो, दुसरं काय! फक्त जाडी थालीपिठाची आणि कड इतकी कुरकुरीत की आवाज शेजारच्याला ऐकू जावा. सोबत सोया सॉसमध्ये बुडवलेला कच्चा कांदा. माझ्या आजीने ते तेल बघून कपाळाला हात लावला असता पण दुसरं मागितलं असतं हे नक्की.

मी मासे खाते, मटण-चिकन नाही, त्यामुळे "इमो, गोगी?" एवढंच विचारलं. गोगी म्हणजे मांस. तिने मान हलवली आणि शेजारच्या गोल वड्यांकडे बोट दाखवलं, म्हणजे गोगी त्यात आहे, यात नाही. बऱ्याच ठिकाणी यातही पोर्क घालतात म्हणून विचारलेलं बरं. आणि पक्के शाकाहारी असाल तर किमचीत बहुतेक वेळा फिश सॉस किंवा कोळंबी असते, ओमुकचं पाणी तर माशाचंच, तेव्हा जरा कठीण आहे.

ओमुक म्हणजे मासे वाटून केलेल्या पट्ट्या, काडीवर घड्या घालून टोचलेल्या, उकळत्या पाण्यात उभ्या. किती खाल्ल्या ते शेवटी काड्या मोजून पैसे, आणि ते गरम पाणी कागदी कपात फुकट. नवरा तीन कप प्यायला, पाणीपुरी झाल्यावर भैयाकडे नुसतं पाणी मागणाऱ्यांतला आहे तो. तोकबोकीबद्दल मात्र माझं मत फारसं चांगलं नाही, तांदळाच्या चिवट कांड्या लाल रश्श्यात, सगळे तिखट तिखट म्हणतात पण मला गोडच जास्त लागलं. होत्तोक घ्याच. गुळपोळीचा जाडजूड मावसभाऊ, आत ब्राऊन शुगर, दालचिनी, दाणे, आणि तो पाक चावल्या चावल्या हनुवटीवर येतो. माझी हनुवटी दोन दिवस लाल होती.

कचऱ्याचा डबा मात्र शोधून सापडत नाही. चार काड्या, दोन कप पर्समध्ये घेऊन हॉटेलपर्यंत आलो.

कॅफेंचं काय सांगू, दर दहा पावलांवर एक. इक्सॉनदोंगच्या हानोक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कोरियन घरांमध्ये इतके कॅफे झालेत की कौलं तेवढी जुनी राहिलीत. दिसायला सुंदर सगळे, कॉफी ठीकठाक. बाहेर चार डिग्री आणि पोरं बर्फ घातलेली अमेरिकानो पितायत, तिला लाडाने "आ-आ" म्हणतात, आणि थंडीने मेलो तरी आ-आच पिणार अशा अर्थाचा एक शब्दही आहे त्यांच्यात. ऑर्डर दिली की हातात थरथरणारी चकती देतात, ती वाजली की आपणच उठून आणायचं. लॅपटॉप, फोन टेबलावर टाकून लोक निवांत टॉयलेटला जातात, मी दुसऱ्याच्याच लॅपटॉपवर लक्ष ठेवत बसले, सवय! एका ठिकाणी आम्ही दोघांत एक कॉफी आणि एक केक मागितला तर मुलीने पाटीकडे बोट दाखवलं, माणशी एक ड्रिंक पाहिजेच. आणि मी गोड बोलावं म्हणून तिला काय म्हटलं? "इमो." वय असेल बावीस. दोन सेकंद शांतता, मग ती तोंडावर हात धरून हसली. कॉलेजच्या मुलीला काकू म्हणण्यातला प्रकार. कॅफेत "चोगियो" म्हणायचं, म्हणजे अहो जरा, हे नंतर कळलं.

मला विचाराल तर कॅफे दोन कमी करा आणि चहाच्या घरात जा. चहा म्हणायचा, पण पत्ती असेलच असं नाही. सोंगबुकदोंगमध्ये सुयॉन सानबांग म्हणून आहे, १९३३ चं हानोक, जमिनीवर बसायचं. इन्सादोंगच्या एका चहाघरात सांगह्वाचा नावाचा चहा घेतला, काळाकुट्ट, वाफाळता, वर सुकवलेली बोरं, पाइन नट आणि मधोमध कच्च्या अंड्याचा बलक. वासावरून थेट आजीचा काढा. बलक आधी चमच्याने उचलून गिळायचा म्हणे, नवऱ्याने डोळे मिटून गिळला आणि मग काढा मला ढकलला.

मी ओमिजा घेतला होता, गार, लालबुंद. ओमिजा म्हणजे पाच चवींचं फळ, आंबट, गोड, खारट, कडू, तिखट. आपले रस सहा, म्हणजे तुरट तेवढी राहिली. मी इमानदारीत एकेक शोधत बसले, आंबट-गोड मिळालं, कडू शेवटी जिभेच्या मागे, खारट काही सापडेना. नवरा म्हणाला मला फक्त तुरटच लागतंय.

येताना ओमिजाच्या सिरपची एक बाटली आणली. आईला पेला भरून दिला, पाच चवी वगैरे सगळं सांगितलं. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "कोकमात साखर जास्त झालीय."