एमजी टीसी: आधी कागद, मग बॉनेट

जुनी एमजी टीसी, म्हणजे दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघायला गेलात तर रंगावर भाळू नका. १९४५ ते १९४९ या काळात या गाड्या सुमारे १०,००० बनल्या. चेसिस नंबर ०२५१ पासून सुरू होतात. २५१ हा कारखान्याचा टेलिफोन नंबर! चेसिस नंबर, 'एक्सपीएजी'ने सुरू होणारा इंजिन नंबर आणि आरसी बुक यांचा मेळ बसलाच पाहिजे. बेळगावच्या गाडीत आणखी एक गोम असते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला. मालकांची साखळी बहुधा तिथंच तुटते, म्हणून त्या काळातला हस्तांतराचा कागद मागा.

'रेसमध्ये धावलेली' म्हटलं की भाव चढतो. अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीची १९५२ मधली पहिली रोड रेस टीसीतलीच, पण म्हणून प्रत्येक टीसी रेसची ठरत नाही. शर्यतीची तारीख, स्पर्धकांची यादी, नंबरप्लेट दिसणारा फोटो, यातलं काहीच नसेल तर जादा पैसा देऊ नका.

१२५० सीसी इंजिनाचे बोल्ट महाफसवे. डोकं व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या) पान्याचं, आटे मात्र मेट्रिक, आणि तेही ८ मिमीला १ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतर. दुकानातला १.२५ पिचचा बोल्ट दामटून बसवला की ब्लॉकचे आटे गेलेच. नमुना देऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घ्या.

बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. आपल्या पावसाळ्यात तो आतून कुजतो आणि वरचा पत्रा चकचकीतच राहतो. दार उघडून वर उचला. बिजागरीसकट खांब हलला, तर सुताराचा खर्च किमतीतून वजा करा.